वाट पाहणारे हात

स्वर्गाची आशा धरणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात एक शंका असते. ज्याचे डोळे आकाशाकडे लागले, त्याच्या हातून पृथ्वीवरचे काम काय होणार, असे आपण म्हणतो. ही शंका केवळ ख्रिस्ती माणसापुरती नाही. पंढरीला माहेर मानणाऱ्या वारकऱ्यालाही ती ऐकावी लागली आहे. मी सरकारी नोकर. वाट पाहणारी माणसे कचेरीच्या बाकावर रोज बसलेली असतात आणि त्यांच्या मुद्रेवरचा कंटाळा माझ्या परिचयाचा आहे. परंतु वाट पाहण्याची दुसरीही एक रीत आहे. लेक येणार म्हणून आई सकाळपासून अंगण सारवते, तांदूळ निवडते, मध्येच दाराशी येऊन रस्त्याकडे पाहते. तीही वाटच पाहत असते. ख्रिस्ती आशा या दोहोंपैकी कोणत्या जातीची, हे तत्त्वचर्चेने ठरविण्यापेक्षा पुणे जिल्ह्यातील केडगावकडे वळावे, हे बरे.

पंडिता रमाबाईंचे नाव आपणांस नवे नाही. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने तरुणपणीच दुष्काळात आईवडील गमावले; पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या स्वीकारावरून महाराष्ट्रात जे वादळ उठले, त्याचा इतिहास येथे उगाळीत नाही. इतक्या मृत्यूंनंतर एखादी व्यक्ती परलोकाच्या चिंतनात बुडून गेली असती, तर तिला दोष कोण देता? रमाबाईंनी मात्र १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुलीबायकांना शेकडोंनी केडगावी आणले. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना उभा राहिला. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेत देवाचे राज्य यावे अशी याचना आहे, आणि तिच्या पाठोपाठ रोजच्या भाकरीचीही आहे. केडगावला या दोन याचनांत अंतर उरले नव्हते असे मला वाटते.

याच गडबडीत त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. भाषांतरे पूर्वीही झाली होती. पण खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईस कळेल असे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी संस्कृताच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. शास्त्र्याच्या घरी वाढलेल्या लेखणीला सोपे लिहिणे किती जड गेले असेल, याची कल्पना आम्हां खलिते लिहिणाऱ्यांना चांगलीच येईल! वर्षांमागून वर्षे गेली. आश्रमातल्याच स्त्रिया खिळे जुळवीत होत्या, मुद्रिते निघत होती, रमाबाई ती तपाशीत होत्या.

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी, आणि पुढे संस्थेचा भार जिच्यावर सोपवावा अशी. रमाबाईंचा विश्वास असा की लेक देवाघरी गेली, तेथे भेट निश्चित आहे. ही भेट आता लांब नाही हेही त्यांना कळत असावे. प्रकृती ढासळली होती, कान जवळजवळ गेले होते. अशा वेळी लेखणी खाली ठेवणे किती सोपे होते! त्यांनी मुद्रिते जवळ ओढली. काम पुरे होईतो आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली, असे सांगतात.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यातून, त्याच स्त्रियांच्या हातून बाहेर पडले.