मधपेट्या हलवताना



ज्यांनी सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घेतल्या आहेत, त्यांच्याशी आज बोलायचे आहे. ठाण्याच्या मानपाड्यामागे येऊरचा डोंगर. मार्च-एप्रिलात जांभूळ फुलते, माशीला चारा भरपूर. पण मृग लागला की फुले संपतात आणि पावसामुळे माशी बाहेरही पडत नाही. पेटीत साठा नसला तर सातेरी माशी घर सोडून निघून जाते, आपल्याकडे उरते रिकामी पेटी! म्हणून पावसात साखरेचा पाक द्यावा, अन् पाऊस ओसरला की पेटी फुलांकडे न्यावी.

कुठे? मुरबाड, शहापूर, जव्हारकडे पावसाळ्याच्या अखेरीस वरकस जमिनी खुरासणीने पिवळ्या होतात. खुरासणीला स्वतःच्या झाडाचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात; ते काम माशी करते. तेव्हा शेतमालकाकडे आपण उपकार मागायला जात नाही, त्याचेही दाणे भरतात. मात्र थोडी फुले उमलल्यावरच पेटी न्या. आधी नेली तर माशी भलत्याच रानफुलांना लागते.

आता हलवायची कशी? मी स्वतः एकदा घाई केली. एका शेतकऱ्याच्या चार पेट्या भर दुपारी, दारे घट्ट लावून टेम्पोत चढवल्या. उकाड्याने पोळी मऊ होऊन कोसळली, दोन वसाहती मेल्या. तो बिचारा एक शब्द बोलला नाही, तेच मला जास्त लागले.

म्हणून सांगतो, आधी मध काढून घ्या, जड पोळे हिसक्याने तुटते. पिलावाच्या पोळ्यांना मात्र हात लावू नका, अन् वाटेपुरता थोडा मध ठेवा. चौकटी हलू नयेत अशा पाचरी ठोका. अंधार पडून सगळ्या माश्या परतल्या की दाराला तारेची जाळी लावा, वरही झाकणाऐवजी जाळीच हवी. पेटी सुतळीने आवळा आणि टेम्पोत चौकटी गाडीच्या लांबीला धरून ठेवा. उजाडण्यापूर्वी पोचा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या चढतात. पेटी स्थिरावली की दार उघडा.

तुम्ही म्हणाल, शेजारच्या शेतात न्यायला एवढे कशाला? तिथेच तर फसगत होते. दोन-तीन किलोमीटरच्या आत नेलेली माशी जुन्या जागी परत जाते अन् तिथेच घुटमळून मरते. अंगणातल्या अंगणात हलवायची असेल तर रोज हातभर सरकवा.

नव्या जागी शेजाऱ्यांना आधी विचारा, फवारणी कधी आहे. असेल तर त्यांना संध्याकाळी करायची विनंती करा आणि पेटीचे दार तेवढा वेळ जाळीने बंद ठेवा.