युरेनियम, लासलगावचा कांदा आणि आमची एक चूक

मैत्रिणींनो, आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. मागच्या वेळी आम्ही शेळीपालनावर बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यांना काय झालं? विषय आहे युरेनियम. पण आधी आमच्या हातून काय चुकलं ते सांगतो, म्हणजे हा विषय का निघाला ते कळेल.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला स्तनाचा कर्करोग झाला. नाव सांगत नाही, पण हे सगळं तिला विचारूनच सांगतोय. ऑपरेशन झालं, मग नाशिकला जाऊन तिनं पंचवीस दिवस ‘लाईट’ घेतली. लाईट म्हणजे किरणोपचार. ती परत आली आणि पहिल्याच मासिक बैठकीला हजर राहिली. एकीचा नातू खेळत खेळत तिच्या मांडीवर बसला, तर आजीनं त्याला ओढून घेतलं. तिनं माठातलं पाणी घेतलं, तर नंतर पेला वेगळा ठेवला गेला. कोणी काही बोललं नाही. ती मात्र समजली. पुढच्या महिन्यापासून तिचा हप्ता मुलाच्या हाती येऊ लागला.

आम्हाला वाटत होतं की तिच्या अंगात किरण भरलेत आणि ते आता आमच्या पोराबाळांना लागतील. तीन महिने असे गेले. मग आमच्या आशाताईंनी शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना बैठकीला आणलं. मॅडम म्हणाल्या, “किरण समजून घ्यायचे तर सुरुवात युरेनियमपासून करू.” त्यांनी सांगितलं ते आमच्या शब्दांत सांगतोय.

युरेनियम हा एक धातू आहे. तो खडकात, मातीत, समुद्राच्या पाण्यातही असतो. एक टन खडकात सरासरी दोन-तीन ग्रॅम, म्हणजे चांदीपेक्षा कितीतरी जास्त. शुद्ध केला की चांदीसारखा दिसतो, पण हवेत काळा पडतो. जड तर इतका, की एक लिटर पाणी मावेल एवढ्या तांब्यात युरेनियम भरलं तर त्याचं वजन होईल 19 किलो. शिसं भरलं तर सव्वाअकरा किलो. 1789 मध्ये जर्मनीतल्या क्लाप्रोथ यांनी तो शोधला आणि तेव्हा नव्यानं सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याचं नाव ठेवलं.

शंभर वर्षं त्याचा उपयोग काचेला हिरवट-पिवळा रंग देण्यापुरता होता. 1896 मध्ये पॅरिसमध्ये बेकरेल यांनी फोटोची काच काळ्या कागदात गुंडाळून, वर युरेनियमचा क्षार ठेवून खणात ठेवली. ऊन नाही, उजेड नाही, तरी काचेवर डाग उमटला. म्हणजे त्या क्षारातून आपोआप काहीतरी बाहेर पडत होतं. त्याचा पिच्छा पुरवला मेरी क्युरी या बाईंनी. किरणोत्सार हा गुण त्या अणूचाच आहे हे त्यांनी ओळखलं आणि 1898 मध्ये युरेनियमच्या खनिजातून पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. त्यांना दोन नोबेल मिळाली. पण या किरणांचा धोका तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हता. त्या उघड्या हातांनी काम करत राहिल्या आणि 1934 मध्ये रक्ताच्या आजारानं गेल्या. म्हणजे किरणांची भीती अगदीच खोटी नाही. ती कुठं बाळगायची आणि कुठं नाही, एवढंच शिकायचं.

किरणोत्सार म्हणजे काय? ज्वारीच्या लाह्या आठवा. कढईत कोणता दाणा कधी फुटेल ते सांगता येत नाही, पण थोड्या वेळात निम्मे फुटतील हे आपल्याला ठाऊक असतं. युरेनियमचे अणू तसेच एकेक करून बदलतात, फक्त त्यांना आच लागत नाही. प्रत्येक वेळी थोडी शक्ती किरणांच्या रूपानं बाहेर पडते. बदलत बदलत शेवटी त्याचं शिसं होतं. निम्मे अणू बदलायला लागतात सुमारे साडेचारशे कोटी वर्षं. पृथ्वीचं वयही जवळपास तेवढंच आहे.

युरेनियममधून मुख्यतः निघणारे अल्फा कण कागदानं किंवा आपल्या कातडीनंही अडतात. धोका आहे तो श्वासातून किंवा पाण्यातून पोटात गेलं तर. तेव्हा ते मूत्रपिंडाला अपाय करतं. पंजाब, राजस्थान अशा राज्यांत काही भागांतल्या बोअरच्या पाण्यात ते जास्त सापडलं आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 30 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं मानक आहे. रंगावरून, चवीवरून ते कळत नाही, प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा : उकळल्यानं ते जात नाही. पाणी आटतं आणि युरेनियम तेवढंच उरतं. आरओच्या यंत्रानं ते कमी होतं.

आता त्याचा मोठा उपयोग. युरेनियमच्या हजार अणूंत सात अणू वेगळ्या जातीचे असतात, त्यांना युरेनियम-235 म्हणतात. त्यावर न्यूट्रॉन नावाचा बारीक कण आदळला की अणूचे दोन तुकडे होतात, भरपूर उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते पुढचे अणू फोडतात. हे कोडंही एका बाईनं उलगडलं, लीझ माइटनर यांनी. ज्यू म्हणून त्यांना 1938 मध्ये जर्मनी सोडावी लागली. त्याच वर्षाअखेर त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी, ओटो हान यांनी, प्रयोगाचा निकाल कळवला. त्याचा अर्थ माइटनर आणि त्यांचे भाचे फ्रिश यांनी लावला. नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं.

ही फुटाफूट आवरली नाही तर बाँब होतो. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर पडला तो युरेनियमचाच. आवरून धरली तर अणुभट्टी होते. एक किलो युरेनियम-235 पूर्ण फुटलं तर अडीच-तीन हजार टन कोळशाएवढी उष्णता देतं. तिच्यावर पाण्याची वाफ करून वीज बनवतात. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला 1969 पासून हे चालू आहे, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र ते. झारखंडमध्ये जादूगोड्याला युरेनियमची खाण आहे. पण भट्टीतून निघालेलं जळकं इंधन हजारो वर्षं सांभाळावं लागतं, हेही विसरून चालणार नाही.

हे सगळं ऐकून आमच्यातल्या एकीनं विचारलं, “मॅडम, याचा आमच्या मैत्रिणीशी काय संबंध?” मॅडम म्हणाल्या, “संबंध लासलगावमधून जातो.”

लासलगावला 2002 पासून कांद्यावर किरण सोडण्याचं केंद्र आहे, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. चाळीत कांद्याला कोंब येतो आणि भाव पडतो. किरण दिले की कोंब येत नाही. 2007 पासून अमेरिकेला जाणाऱ्या हापूसलाही तिथं किरण दिले जाऊ लागले, फळातल्या किडीसाठी. हे किरण येतात कोबाल्ट-60 मधून. आणि कोबाल्ट-60 बनतं युरेनियमच्या अणुभट्टीत. साधं कोबाल्ट भट्टीत ठेवतात, न्यूट्रॉन त्याच्या अणूच्या गाभ्यात शिरतो आणि ते किरणोत्सारी होतं. आपल्या देशात रावतभाट्याच्या भट्ट्यांत हे होतं. कर्करोगाच्या उपचाराची काही यंत्रंही याच कोबाल्टवर चालतात. आता बरीच यंत्रं विजेवर किरण तयार करतात, बटण बंद केलं की किरण बंद.

तेव्हा आमच्या सचिवताईंनी नेमका प्रश्न विचारला. “भट्टीत ठेवून कोबाल्ट किरणोत्सारी होतं, मग किरण देऊन कांदा का नाही होत?”

मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, “भट्टीत न्यूट्रॉन गाभ्यात शिरून राहतो, म्हणून कोबाल्ट बदलतं. कोबाल्टमधून निघतात ते गॅमा किरण. ते कोंबाची वाढ थांबवतात, कर्करोगाच्या पेशी मारतात, पण अणूचा गाभा बदलण्याइतका जोर त्यांच्यात नसतो. ते येतात आणि जातात. उन्हात वाळवलेले पापड घरात आणले, तर ते काय घरात ऊन पाडतात?”

कोणी काही बोललं नाही. लासलगावचा कांदा आम्ही बिनघोर हाताळत होतो आणि आमच्याच मैत्रिणीचा पेला वेगळा ठेवत होतो.

मैत्रिणींनो, म्हणून हे नीट ऐका. बाहेरून यंत्रानं लाईट घेतलेल्या बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. तिच्याजवळ बसा, तिच्या हातचं खा, लेकरू तिच्या मांडीवर द्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात आतून लाईट देतात, तेव्हाही ते द्रव्य प्रत्येक वेळी बाहेर काढून घेतात. काही उपचार वेगळे असतात. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात, तेव्हा काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून लांब राहायला लागतं. पण ते डॉक्टर स्वतः सांगतात आणि त्याची मुदतही सांगतात. त्यांनी सांगितलं नसेल तर आपण मनानं ठरवायचं नाही.

जिचा उपचार चालू आहे, तिला थकवा येतो, लाईट दिलेली जागा काळवंडते. तिला सैल सुती कपडे द्या. त्या जागेवर डॉक्टरांना न विचारता हळद, तेल, लेप काही लावू नका, आणि यंत्रासाठी काढलेल्या खुणा पुसू नका. एखाद्या दिवशी तिच्या घरची भाकरी आपण भाजून द्यावी. आणि लाईटचे दिवस मध्येच सोडू देऊ नका.

त्या बैठकीनंतर आम्ही सगळ्या तिच्या घरी गेलो. माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजाराचं एवढं वाटलं नाही, पेल्याचं वाटलं.” उत्तर द्यायला आमच्याकडं तोंड नव्हतं. पुढची बैठक तिच्याच ओट्यावर झाली, चहा तिनंच केला. आता तिचा हप्ता तीच आणून देते.

तुमच्या गावात अशी कोणी असेल, तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. आजच संध्याकाळी तिच्याकडं जा आणि तिच्या हातचं पाणी प्या.