माहितीची वखार कशी मांडावी

वखार हा शब्द तुम्हाला नवा नाही. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ किंवा बाजार समितीच्या मागे पत्र्याची लांबलचक इमारत असते, आत पोत्यांच्या थप्प्या, आणि प्रत्येक थप्पीवर चिठ्ठी. आपल्याकडे तर महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ नावाची संस्थाच आहे. दुकानात माल येतो नि जातो. वखारीत तो राहतो, प्रतवारीने राहतो, आणि कुठली थप्पी कोणत्या हंगामाची हे विचारले की सांगता येते. संगणकवाले ज्याला डेटा वेअरहाउस म्हणतात, ते नेमके हेच. अशी वखार एखाद्या संस्थेत उभारण्याचे काम तुमच्याकडे आले, तर काय काय पाहावे, ते आज सांगावयाचे आहे.

जुन्या पेढीवर कीर्द नि खतावणी अशा दोन वह्या असत. कीर्दीत व्यवहार घडेल तसा लिहायचा, खतावणीत तो खातेवार उतरवायचा. गिऱ्हाईक समोर उभे असताना खतावणी उघडून कुणी बसत नसे, आणि तीन वर्षांत कुणाकडे किती येणे झाले हे पाहण्यासाठी कुणी कीर्दीची पाने उलटत नसे. संगणकातही हेच आहे. रोजची नोंद करणारी यंत्रणा वेगळी, आणि मागचा-पुढचा हिशेब लावणारी वेगळी. आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी या दोघांनी १९८८ साली या कल्पनेवर निबंध लिहिला. पुढे बिल इन्मन यांनी तिची व्याख्या केली, आणि राल्फ किंबॉल यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात कोष्टके कशी आखावीत याची रीत घालून दिली. इतका इतिहास आपल्याला पुरे.

आता समजा, तुमचा जिल्ह्याचा दूध संघ आहे. दोन लाख उत्पादक, सकाळ-संध्याकाळ संकलन. प्रत्येक नोंदीत लिटर, फॅट, एसएनएफ, दर. वर्षाला १४ कोटी ६० लाख ओळी झाल्या. दिवाळीला उत्पादकाला जो दरफरक मिळतो, तो याच ओळींच्या बेरजेवर. म्हणजे वखारीत थप्पी चुकीच्या जागी लागली, तर कुणाच्या तरी घरात दिवाळीला पैसे कमी जातात. हे मनात धरून पुढे चला.

वखारीसाठी आपण अपाची हाइव्ह हे सॉफ्टवेअर घेऊ. ते विनामूल्य आहे. फेसबुकमध्ये ते तयार झाले आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. हाइव्ह म्हणजे मधमाशांचे पोळे. त्याच्या बोधचिन्हात धड माशीचे आणि तोंड हत्तीचे आहे. कारण ते हॅडूपवर चालते, आणि हॅडूप हे डग कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचे नाव. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. तुमचा संघ तालुक्यापुरता असेल, तर या हत्तीच्या नादी लागू नका. एका बऱ्यापैकी यंत्रावर पोस्टग्रेस बसवा, काम भागेल. हत्ती बांधायचा तर त्याला वैरण लागते, माहूत लागतो. बऱ्याच कचेऱ्यांत हत्ती आधी येतो आणि माहुताची जाहिरात मागाहून निघते.

बसवणे तसे अवघड नाही. हाइव्ह ३ ला जावा ८ लागते. नव्या यंत्रावर आपसूक आलेली जावा बहुधा त्यापुढची असते, ती चालत नाही. हॅडूप आणि हाइव्ह या दोघांच्या पोटात ग्वावा नावाचा एकच ग्रंथसंच असतो, पण आवृत्ती निराळी. हाइव्ह ३.१.२ सोबत १९ क्रमांकाची येते, हॅडूप ३.२.१ सोबत २७ ची. दोघींची गाठ पडली की हाइव्ह सुरूच होत नाही, आणि पडद्यावर जी चूक दिसते तिच्यावरून हे कारण कुणाला सुचणार नाही. हाइव्हच्या फोल्डरातली जुनी काढावी, हॅडूपची नवी तिथे ठेवावी. झालं!

खरी काळजी घ्यावयाची ती पुढे. थप्पी कुठे आहे, तीत काय आहे, हे लिहून ठेवणारी एक वही वखारीत असते. हाइव्हमध्ये तिला मेटास्टोअर म्हणतात. माल हॅडूपच्या फायलींत, आणि मालाची नोंद या वहीत. तुम्ही काही न सांगता हाइव्ह चालू केलेत, तर ते डर्बी नावाची छोटी वही वापरते, आणि ती वही ज्या फोल्डरातून तुम्ही चालू केलेत त्याच फोल्डरात ठेवते! सोमवारी एका फोल्डरातून चालू केले, कोष्टके आखली. मंगळवारी दुसऱ्या फोल्डरातून चालू केले, तर पहिली कोष्टके जागेवर नाहीत. माल शाबूत आहे, फक्त वही दुसऱ्या टेबलाच्या खणात राहिली आहे. शिवाय ही वही एका वेळी एकालाच उघडता येते. हिशेबनीस पाहत असेल तर व्यवस्थापकाला बाहेर थांबावे लागते. तेव्हा पहिल्याच दिवशी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये या वहीसाठी स्वतंत्र जागा करा, तिचा पत्ता, नाव नि परवलीचा शब्द हाइव्ह-साइट या फायलीत लिहा, आणि स्कीमाटूल चालवून वहीची पाने आखून घ्या. त्यानंतरच हाइव्ह सुरू करायचे, आधी नाही. आणि बरं का, या वहीची नक्कल रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर गेली पाहिजे.

मालाच्या नकलेविषयी लोकांची एक समजूत असते. हॅडूप प्रत्येक फाइलीचे १२८ मेगाबाइटचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा तीन ठिकाणी ठेवते. मग भीती कसली? यंत्र बंद पडण्याची भीती नाही, हे खरे. पण कुणी फाइल पुसली तर ती तिन्ही ठिकाणांहून पुसली जाते. हाइव्हमध्ये कोष्टक दोन तऱ्हांनी आखता येते. एकात माल हाइव्हच्या मालकीचा; कोष्टक काढून टाकले की मालही गेला. दुसऱ्यात माल बाहेरचा. कोष्टक काढले तरी फायली जिथल्या तिथे राहतात. संकलन केंद्रांतून आलेला कच्चा माल नेहमी दुसऱ्या तऱ्हेने ठेवावा. आणि हॅडूपमध्ये कचरापेटीची सोय आहे, पण मुळात ती बंद असते. तिची मुदत मिनिटांत लिहावयाची असते, आणि आरंभी तिथे शून्य असते. निदान १४४० लिहा, म्हणजे चूक ध्यानात यायला एक दिवस तरी मिळेल.

दाराला कुलूपही असेच मुळात नसते. हाइव्हचा सर्व्हर १०००० क्रमांकाच्या दारावर बसतो, आणि कुणी काही वेगळे ठरवून दिले नसेल तर येणाऱ्याला नाव विचारतो, पण ते नाव खरे की खोटे पडताळत नाही. व्यवस्थापकाचे नाव सांगून चालक आत आला तरी त्याला कळायचे नाही. उत्पादकांची नावे, बँक खात्यांचे क्रमांक आत असताना हे दार कचेरीच्या जाळ्याबाहेर उघडे ठेवणे म्हणजे तिजोरी ओसरीवर ठेवण्यासारखे आहे. एलडॅप किंवा कर्बेरोस, यांतले एक जोडल्याखेरीज वखार चालू करू नका.

आता थप्प्या कशा लावाव्यात? दिवसाप्रमाणे. म्हणजे जून महिन्याची चौकशी आली तर तीसच कप्पे उघडावे लागतात, बाकी वर्ष मिटलेले राहते. दिवसाच्या आत पुन्हा संस्थावार कप्पे करण्याचा मोह होतो, तो टाळा. बारक्या फायलींचा ढीग झाला की हत्तीचे पाय त्यातच अडकतात. पण दिवस म्हणजे कोणता दिवस? सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर लावलेले असते, आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. पहाटे पाच वाजता केंद्रावर माप झालेले दूध जागतिक घड्याळात आदल्या रात्री साडेअकराला पडते. साडेपाचच्या आधीचे सगळे दूध असे कालच्या कप्प्यात जाते. १ एप्रिलच्या पहाटेचे दूध ३१ मार्चला, म्हणजे गेल्या आर्थिक वर्षात! संघाची एकूण बेरीज फारशी हलत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. हलते ती त्या उत्पादकाची बेरीज, जो अंधारात किटली घेऊन सर्वांआधी रांगेत उभा राहतो. म्हणून तारीख केंद्रावरच, आपल्या वेळेने, नोंदीसोबत लिहून यावी. वखारीत ती पुन्हा काढू नये.

दुसरा घोटाळा नावांचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला. तुम्ही तालुक्यापुढचे 'ठाणे' खोडून 'पालघर' लिहिलेत, तर ठाणे जिल्ह्याची २०१३ ची बेरीज एका रात्रीत घटते, आणि त्या वर्षी नसलेल्या जिल्ह्याच्या नावावर दूध दिसू लागते. किंबॉल यांची रीत अशी, की जुनी ओळ खोडायची नाही. तिला 'इथपर्यंत' अशी तारीख द्यायची आणि नवी ओळ 'इथपासून' म्हणून घालायची. तुमची एखादी संस्था एका शीतकरण केंद्रावरून दुसऱ्यावर गेली, तरी हेच करावे.

सगळे बसले की लगेच तक्ते नि आलेख काढायला धावू नका. कोणतीही एक संस्था घ्या, तिचा गेला महिना घ्या, आणि वखारीतली बेरीज त्या संस्थेच्या सचिवाच्या वहीशी ताडून पाहा. लिटरवार पाहा, वेळवार पाहा. सकाळची निराळी, संध्याकाळची निराळी. एका लिटरचा फरक निघाला तरी तो कुठून आला हे सापडेपर्यंत पुढची संस्था घेऊ नका. आणि ताडताना सचिवाला शेजारी बसवून घ्या. कोणत्या पहाटे वीज नव्हती नि नोंदी दुपारी हाताने भरल्या, हे त्यालाच ठाऊक असते.