लहरींची मालकी आणि डोंगराआडचा श्रोता

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोल्हापूर शहरात रेडिओ लावला तर आकाशवाणीच्या १०२.७ बरोबर खासगी एफएम केंद्रेही ऐकू येतात. केंद्रे अनेक झाली म्हणजे स्पर्धा आली आणि स्पर्धा आली म्हणजे श्रोत्याचे भले झाले, असे आमच्या शास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. मीही ते वर्षानुवर्षे शिकवले. परंतु तोच रेडिओ चंदगडच्या एखाद्या वाडीत नेला, तर ती स्पर्धा खरखरीत विरून जाते. असे का व्हावे?

पहिले कारण निसर्गाचे आहे. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सपाट प्रदेशात त्या सुमारे चाळीस किलोमीटर पोचतात. मनोरा चौपट उंच केला तरी हे अंतर दुपटीनेच वाढते. मध्ये सह्याद्रीची रांग आली की पलीकडे छाया पडते. मध्यम लहरी जमिनीच्या वळणाने दूर जातात. पण त्यांची प्रक्षेपणयंत्रे देशात एकामागून एक बंद होत आली आहेत.

दुसरे कारण धोरणाचे. खासगी परवाना मिळतो तो शहरासाठी. २००५ च्या धोरणाने शहरांची लोकसंख्येनुसार प्रतवारी लावली, त्याप्रमाणे प्रक्षेपणाची शक्ती ठरवली आणि सर्वांनी शक्यतो एकाच मनोऱ्यावरून प्रक्षेपण करावे अशी व्यवस्था केली. त्यात खर्च वाचतो, हे मान्य. परंतु परिणाम असा की सर्वांची वर्तुळे एकमेकांवर पडतात. वर्तुळाच्या आत गर्दी आणि बाहेर शुकशुकाट!

तिसरे कारण अर्थकारणाचे. पीटर स्टायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच ते उलगडून दाखवले होते. समजा, शंभर श्रोत्यांपैकी ऐंशींना चित्रपटगीते हवीत आणि वीस जणांना शेतीची माहिती. तीन केंद्रे असली तर तिन्ही गाणीच लावतील. कारण ऐंशींचा तिसरा हिस्साही वीसांपेक्षा मोठा आहे. तिन्ही केंद्रे एकाच सार्वजनिक संस्थेची असती, तर तिने एक केंद्र त्या वीस जणांना दिले असते. शिवाय येथे पैसे श्रोता देत नाही, जाहिरातदार देतो. महाद्वार रोडवरील दुकानदाराला आजऱ्याच्या शेतमजुराच्या कानाचे मोल ते किती?

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. २०१९ च्या महापुरात महामार्ग बंद पडला, गावे तुटली. वीज गेल्यावर दोन सेलांवर चालणारा रेडिओच उरतो. खासगी केंद्रांना स्वतःची वार्तापत्रे देण्याची मुभा नाही, आणि आकाशवाणीचा आवाज डोंगराआड क्षीण. मग धोक्याचा इशारा द्यावा कोणी? २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्रे काढता येतात. म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ हे त्याचे चांगले उदाहरण. पण त्यांची शक्ती शंभर वॉटच्या मर्यादेत बांधलेली आहे.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. मालमत्ता सर्वांची, तर वाटपही सर्वांत हवे. खासगी केंद्रांच्या महसुलातून सरकार चार टक्के शुल्क घेते. त्यातून डोंगरी तालुक्यांत आकाशवाणीची पुनःप्रक्षेपण यंत्रे उभारावीत आणि सामुदायिक केंद्रांना हात द्यावा, ही मागणी आपण केली पाहिजे.

पाटाच्या शेपटीला पाणी पोचले की नाही, यावरून पाटाची परीक्षा होते, हे बंधाऱ्यांच्या या जिल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. लहरींनाही तीच कसोटी लावू या.