दोन दरोडेखोरांची मैत्री
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



सरकारी नियमांच्या चौकटीत तीस वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्याने दरोडेखोरांविषयी आस्थेने बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण १९६९ सालचा 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' हा चित्रपट आमच्या मनातून कधी गेलाच नाही. जॉर्ज रॉय हिल यांचे दिग्दर्शन, विल्यम गोल्डमन यांची पटकथा, पॉल न्यूमन व रॉबर्ट रेडफर्ड यांचा अभिनय आणि चार ऑस्कर पारितोषिके, एवढा परिचय पुरे.

वेस्टर्न चित्रपटातील नायक एरवी पाय रोवून लढतो. हे दोघे मात्र पळतात. रेल्वे लुटणाऱ्या या जोडगोळीच्या मागे कंपनीने निवडक माणसे लावली आहेत. त्यांचे चेहरे आपल्याला नीट दिसतच नाहीत. दूरवर धूळ दिसते, रात्री कंदील दिसतात. पाठलाग करतो आहे तो जणू बदललेला काळच. त्याच्याशी भांडता येत नाही, म्हणून हे दोघे थट्टा करीत राहतात.

आम्हांस अधिक भावते ते वेगळेच. आपण परगावी भेटलो की पहिला प्रश्न असतो, 'मूळचे कुठले?' या दोघांना मात्र इतक्या सहवासानंतरही एकमेकांची खरी नावे ठाऊक नसतात. सनडान्सला पोहता येत नाही, हे बुचला कड्याच्या टोकावर कळते. बुचने आजवर एकाही माणसावर गोळी झाडलेली नाही, हे सनडान्सला कळते बोलिव्हियात. तेही दोघांनी प्रामाणिक नोकरी पत्करल्यावर, समोर बंदुका रोखलेल्या असताना!

पहिल्या बदलीच्या गावी हा चित्रपट आम्ही भाड्याच्या कॅसेटवर पाहिला तो एका सहकाऱ्यासमवेत. तीन वर्षे आम्ही एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. त्याची आई अंध आहे, हे आम्हांस कळले ते त्याच्या निरोपाच्या दिवशी, फलाटावर. त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. ती रुखरुख अजून आहे.

बोलिव्हियात बँक लुटण्यासाठीसुद्धा या दोघांना स्पॅनिश शिकावे लागते, आणि ऐन वेळी कागद काढून वाचावे लागते. परक्या मुलखातील पहिल्या दिवसांची आठवण असणाऱ्यास येथे हसू येते आणि गलबलूनही येते. शेवटी जखमी होऊन, सैनिकांच्या वेढ्यात बसलेले असताना बुच नवा बेत सांगतो : ऑस्ट्रेलियास जाऊ, तेथे आपली भाषा बोलतात. मग दोघे बाहेर धावतात आणि चित्र तेथेच स्थिर होते. मरण दिसत नाही. दिसते ती जोडी.

ते ऑस्ट्रेलियास पोहोचले नाहीत. आमचे ऑस्ट्रेलिया मात्र आम्हांस दरमहा या सभागृहात भेटते. तेव्हा विनंती एवढीच : शेजारच्या खुर्चीवरील माणसास गाव विचारून झाले असेल, तर आज घरचे कुशलही विचारावे. फलाटापर्यंत थांबू नये.