खारवट रानातला हरभरा



वढू बुद्रुकसारख्या भीमाकाठच्या गावी काळे रान पाण्याखाली आले, की दोन पैसे हाती येतात. पण निचरा नसेल तर त्याच पाण्याबरोबर खालचे क्षार वर येतात. ही गोष्ट जुनीच आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि १९१० साली डॉ. हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली.

अशा रानात हरभरा लवकर हार खातो. मुळांना ओलावा ओढणे जड जाते. मीठ पानांत साठून कडा करपतात. मुळांवरच्या गाठीही कमी धरतात.

मात्र सगळे वाण सारखे हटत नाहीत, बरं का! उगवण पाहून निवाडा करू नका. रोप हिरवे दिसते, खरी परीक्षा फुलोऱ्यात होते. इक्रिसॅट संस्थेने अनेक वाण खाऱ्या मातीत लावून पाहिले. ज्यांनी घाट्यांची आणि दाण्यांची संख्या राखली, तेच टिकाऊ ठरले. कर्नालच्या मृदा लवणता संस्थेचा ‘करनाल चना १’ हा वाण सुमारे ६ डेसीसायमनपर्यंत क्षारता सोसतो; पण तो उत्तरेकडील मैदानांसाठी आहे. आपल्याकडचे राहुरी विद्यापीठाचे ‘विजय’ आणि ‘दिग्विजय’ मर रोगाला दाद देत नाहीत. परंतु मर सोसणे निराळे, मीठ सोसणे निराळे.

मग पारख कशी करावी? दोन-तीन वाणांच्या ओळी शेजारी शेजारी पेरा. प्रत्येक ओळ चांगल्या मातीतून खारवट पट्ट्यात जाऊ द्या. घाटे भरले, की दोन्हीकडची दहा-दहा झाडे मोजा. वाळून गेलेली झाडेही मोजा. गुरुजी, हे मुलांचे गणितच झाले! समजा, एका वाणाला चांगल्या मातीत झाडामागे ४० घाटे आणि खारवटात २०. दुसऱ्याला ३० आणि २४. खारवट पट्ट्यासाठी दुसरा बरा.

तरी वाण म्हणजे जमिनीचे औषध नव्हे. आधी माती तपासा. चर काढून पाण्याला वाट द्या आणि पाणी बेताने द्या. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला. नुसत्या खारवट रानात ते टाकून पैसा दवडू नका. निचरा झाला, तरच निवडलेल्या वाणाचे घाटे भरतील.