‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ : एका युद्धपटाची भाषा

‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट राजकमल कलामंदिरने १९४६ साली पडद्यावर आणला. युद्धपटांच्या चर्चेत त्याचे नाव आज क्वचितच निघते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांवर उपचार करीत कोटणीस तिकडेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. पटकथा ख्वाजा अहमद अब्बास व व्ही. पी. साठे यांची. कोटणीस झाले स्वतः शांताराम, आणि त्यांची चिनी पत्नी चिंग लान झाली जयश्री.

प्रभात फिल्म कंपनीत असताना शांतारामांनी ‘माणूस’-‘आदमी’, ‘शेजारी’-‘पडोसी’ अशा मराठी-हिंदी जोड्या काढल्या होत्या. ‘आदमी’त तर एकाच गाण्यात अनेक भाषा खेळवल्या होत्या. इथे मात्र सोलापूरकर हिंदुस्तानी बोलतात आणि चिनी माणसेही हिंदुस्तानीच बोलतात. देशभरच्या प्रेक्षकाला परके युद्ध आपले वाटावे, तर ही सोय लागणारच. पण तिची किंमत मोठी आहे. खरे कोटणीस चिनी भाषा शिकले, इतकी की विद्यार्थ्यांना वैद्यक त्याच भाषेत शिकवू लागले. ही मेहनत पडद्यावरून जवळजवळ गळूनच गेली.

परकी भाषा शिकण्याच्या या मेहनतीचे मोल यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात वेगळे सांगायला नको. इथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगू कानावर पडतात. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, आलेली म्हातारी दवाखान्यात पोटावर हात ठेवून काही सांगते, आणि ते मराठीत सांगायला नातू सोबत नसेल, तर डॉक्टरची पदवी तिथेच अडते. दुखणे कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे हातवाऱ्यांनी कळत नाही. चीनमध्ये कोटणीसांपुढे रोज हाच पेच असणार.

चित्रपटाने त्याऐवजी नजरेत भरणारा त्याग निवडला. त्यातले कोटणीस साथीच्या रोगाशी लढता लढता त्याच रोगाने जातात. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू अपस्माराने झाला. साथीशी झुंज दाखवणे सोपे. रात्री दिव्याखाली चिनी अक्षरे गिरवणारा डॉक्टर दाखवून थिएटर भरत नाही, हे शांतारामांसारख्या मुरलेल्या दिग्दर्शकाला पक्के ठाऊक असावे. या चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही परदेशी प्रेक्षकांसाठी निघाली, ‘द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस’ या नावाने. मराठी आवृत्ती मात्र निघाली नाही.